सरोजक्काचा फोम

माझ्या वडिलांनी बंगळूरच्या चामराजपेटेत चाळीस वर्षं कपडे शिवले. मी जवळजवळ तितकीच वर्षं फायबरग्लास कापलं. या दोन धंद्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं बाहेरच्यांना वाटतं. पण फायबरग्लासची चटई कापडासारखीच गुंडाळीत येते, साच्यावर टाकून मापानं बेतावी लागते, आणि कोपऱ्यात चुणी राहिली तर पुढं नेमकी तिथंच फुटते. मी वडिलांची मोठी कात्री शेडमध्ये नेली तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, कारण काचेच्या धाग्यानं तिची धार गेली. नवव्या दिवशी त्यांनी स्वतःच ती धार लावून आणली, माझ्या हातात दिली आणि स्वतःसाठी नवी घेतली.

आमची शेड मैसूर रोडच्या बाजूला होती. पाण्याच्या टाक्या, बसचे बंपर, लग्नाच्या हॉलबाहेर सोंड उचलून उभे असतात ते हत्ती, असली कामं. इथल्या मराठी मंडळाच्या पाडवा अंकासाठी काहीतरी लिहा असं संपादकबाईंनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हत्तींवर लिहितो. त्या म्हणाल्या, हत्ती नकोत, जेट स्कीवर लिहा. त्यांना नवल का वाटतं ते मला कळतं. बंगळुरात समुद्र नाही, मोठी नदी नाही, आणि जी तळी उरली आहेत त्यांतल्या काहींवर फेस तरंगतो. अशा गावात जेट स्की दुरुस्त करून कोणाचं पोट कसं भरावं? पण शनिवारी पहाटे गाडीमागं ट्रेलर जोडून तीन तासांवरच्या धरणाच्या पाण्यावर जाणारी माणसं या गावात आहेत. सोमवार ते शुक्रवार ती संगणकासमोर मान मोडून बसतात आणि शनिवार-रविवारी उरलेलं अंग मोडून घेतात. मोडलेलं अंग डॉक्टरकडं जायचं आणि मोडलेली स्की आमच्याकडं यायची.

जेट स्कीच्या दोन जाती. एक बसायची, स्कूटरसारखी. दुसरी उभं राहायची, आणि माझं सगळं आयुष्य हिच्याच पोटात गेलं म्हणा ना. हिला सीट नसते. पुढून एक लांब दांडा येतो, तो वरखाली हलतो, आणि मागं पन्हळीसारखी एक अरुंद जागा असते, तिच्यात माणूस उभा राहतो. ही जात लहान, हलकी आणि फार तऱ्हेवाईक. थांबली की निम्मी पाण्यात बसते. चढायला गेलं की कुशीवर लवंडते. नवा माणूस पहिल्या दिवशी तिच्यावर कमी आणि पाण्यात जास्त असतो. पण एकदा जमलं की वळणावर तो माणूस इतका कलतो की त्याचा कान पाण्याला लागेल असं वाटतं, आणि तरी पडत नाही. मी काठावर उभा राहून तासन् तास बघत असे. मला स्वतःला पोहता येत नाही.

आता हिच्या आत काय असतं ते सांगतो. मधे इंजिन. नाकात, दोन्ही कुशींत आणि माणूस उभा राहतो त्या पन्हळीखाली पोकळ जागा असतात आणि त्यांत फोम भरलेला असतो. कशासाठी, तर हलला, म्हणजे इंजिन सोडून उरलेल्या त्या सगळ्या सांगाड्याला, कुठं भोक पडलं आणि आत पाणी शिरलं, तरी ती बुडू नये. फोमच्या अंगात लाखो बारीक बंद फुगे असतात, त्यामुळं पाण्याला शिरायला वाव नसतो. निदान फोम नवा असेपर्यंत नसतो. पुढं वर्षानुवर्षं आदळआपट होते, कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपत राहतं, आणि फोम ते प्यायला लागतो. प्यायलेलं पाणी तो सोडत नाही. स्की महिनाभर उन्हात ठेवा, उलटी टांगा, वरून खडखडीत कोरडी आणि आतून ओली. दरवर्षी ती दोन-चार किलोनं जड होते आणि मालकाला वाटतं इंजिन म्हातारं झालं.

जयनगरचे एक हॉटेलवाले होते, त्यांनी या समजुतीपायी दोनदा इंजिन उघडून घेतलं होतं. शेवटी आमच्याकडं आले. आम्ही हल शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला तर काटा भलतीकडंच गेला. साहेब, आत काय भरलंय, असं विचारल्यावर ते अभिमानानं म्हणाले की जुना फोम त्यांनी स्वतः काढला आणि स्वतःच नवा भरला. दारांच्या चौकटींच्या फटीत मारतात तो डब्यातला फोम, त्यात थर्माकोलचे तुकडे आणि रिकाम्या पाण्याच्या बाटल्या. चौकटीचा तो फोम स्पंजासारखा पाणी धरून बसला होता. पेट्रोलची नळी ठिबकत होती, तिनं थर्माकोलचा डिंक केला होता. आमच्याकडं फोमचं काम बघणाऱ्या सरोजक्कानं कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक करत सव्वीस बाटल्या बाहेर काढून ओळीनं मांडल्या, सगळ्यांवर त्यांच्याच हॉटेलचं लेबल. साहेब त्या ओळीकडं बघून स्वतःच हसू लागले. पुढं ते आमचे चांगले गिऱ्हाईक झाले.

सरोजक्काबद्दल सांगायचं म्हणूनच खरं तर मी लिहायला बसलो. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आमच्यासारखीच, शेकडो वर्षांपूर्वी इकडं येऊन राहिलेल्या मराठी घरातली, आणि आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून तिचं घर. नवरा लवकर गेला. शीतपेट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ती वीस वर्षं पेट्यांच्या दुहेरी भिंतींत फोम भरत होती. कारखाना बंद पडला आणि एक दिवस ती माझ्या शेडच्या दारात येऊन उभी राहिली. काम आहे का, असं तिनं विचारलं नाही. मी एका होडीच्या फळीखालच्या पोकळीत फोम ओतत होतो, ते तिनं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "सीनू, तू इडलीचं पीठ ओतल्यासारखं ओततोस." दुसऱ्या दिवसापासून फोम तिच्याकडं गेला तो शेड बंद होईपर्यंत.

ओतायचा फोम म्हणजे दोन डब्यांतले दोन द्रव. एक काकवीसारखा तांबूस, दुसरा फिकट. वेगवेगळे असताना दोघंही अगदी गरीब. सारख्या मापानं एकत्र करून घुसळले की काही सेकंदांत मिश्रण साईसारखं पांढुरकं होतं, आणि मग ते फुगायला लागतं. पेलाभर ओतलं तर पंचवीस-तीस पेल्यांची जागा घेतं. फुगताना तापतं आणि थोड्या वेळात घट्ट होतं. हे सगळं तुमच्या मर्जीनं नाही, त्याच्या मर्जीनं. साईसारखं होण्याच्या जरा आधी ते जागेवर पोचलं पाहिजे. उशीर झाला तर भांड्यातच उठतं, घाई केली तर नीट मिसळत नाही आणि चिकट राहतं. शिवाय उन्हाळ्यात ते धावतं आणि डिसेंबरच्या सकाळी झोपून राहतं.

अक्का घड्याळ वापरत नसे. घुसळायला लागली की मास्कच्या आतून कन्नडमध्ये आकडे मोजायची, ओंदु, एरडु, मूरु, आणि ठराविक आकड्याला ओतायची. तो आकडा रोज वेगळा. सकाळी शेडमध्ये आली की आधी डब्यांना हात लावून बघायची, मग शेडच्या पत्र्याला, मग आज किती ते ठरवायची. थंडीत डबे बाहेर उन्हात नेऊन ठेवायची. पूर्ण पोकळी एकदम कधीच भरत नसे. एक लहान पेला, तो फुगून निवेपर्यंत थांबायचं, वरून बोट लावायचं, मग पुढचा पेला. मोठा ढीग एकदम ओतला तर मधोमध उष्णता साठून फोम करपतो, वर जागा मिळाली नाही तर तो भिंतींना रेटतो. तिनं भरलेल्या फोमचा तुकडा कापला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळी एकसारखी असायची. मी बढाई मारत सगळ्यांना सांगायचो, आमच्याकडं फोमला फक्त अक्काचा हात लागतो. ही बढाई मला पुढं फार महाग पडली. तिला जास्त.

केतकी मूळची पुण्याची. मारतहळ्ळीत राहायची, रिंग रोडवरच्या एका कंपनीत नोकरी करायची आणि तिच्याकडं एक जुनी लाल स्टँड-अप, म्हणजे उभं राहायची स्की, होती. मारतहळ्ळीहून आमच्या शेडपर्यंत ट्रेलर आणायला तिला धरणावर जायला लागतो तितकाच वेळ लागला. आल्या आल्या म्हणाली, "काका, जुना फोम पूर्ण काढून टाका आणि नवीन घालूच नका. मला ती एकदम लाइट हवीय." परदेशातले शर्यतवाले असं करतात, हे तिनं व्हिडिओत पाहिलं होतं. सव्वा महिन्यानं किनाऱ्यावर तिची पहिली मोठी स्पर्धा होती. तीन वर्षं ती तिच्यासाठी सराव करत होती आणि तिच्याकडं ही एकच मशीन होती.

खरं सांगायचं तर मी हो म्हणणार होतो. शेडमध्ये घरची भाषा बोलणारं गिऱ्हाईक आलं की मी जरा पाघळायचो. अक्का हात पुसत बाहेर आली. केतकी तिला मावशी म्हणाली, त्यावर तिनं आधी सांगितलं की मला अक्का म्हण. मग विचारलं, "तुला पोहता येतं?" केतकी म्हणाली, येतं की. "सरी, बरं. तू पाण्यात पडलीस तर तू पोहशील. ही कशी पोहेल?" केतकी वाद घालायला तयारच होती, पण अक्कानं तिला हाताला धरून आत नेलं, उघडलेल्या हलच्या नाकातून ओल्या फोमचं एक ढेकूळ काढलं आणि तिच्यासमोर पिळलं. तांब्याभर पाणी निघालं. तुला जड करतंय ते हे पाणी, फोम नव्हे, असं ती म्हणाली. नवा फोम भरला तरी तुझी मशीन आजच्यापेक्षा पंधरा किलोनं हलकी होईल. केतकीनं ते ढेकूळ हातात घेऊन पाहिलं आणि भरा म्हणाली.

नाक आणि दोन्ही कुशी अक्कानं आठ दिवसांत भरल्या. पन्हळीखालची जागा तेवढी राहिली. तेवढ्यात तिच्या भाचीचा साखरपुडा निघाला आणि ती दोन दिवसांसाठी होसूरला गेली. जाताना मला बजावून गेली, पन्हळीला हात लावू नको, मी आल्यावर करते. केतकीचे रोज फोन येत होते. मला वाटलं, लहानशी तर जागा आहे. एवढी वर्षं बघतोय, मला काय येत नाही?

माझ्या वडिलांनी मला लहानपणी एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती, शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवायचं. माणूस जाड होतो, पोरं वाढतात, पुढं सोडायला हाताशी काहीतरी असावं. आत दडलेल्या जास्तीच्या कापडानं कधी कोणाचं नुकसान होत नाही. हे माझ्या हाडात मुरलेलं. मी अक्काच्या मापानं मिश्रण केलं आणि मग हात थांबेना. कमी पडायला नको, असू दे थोडं जास्त, म्हणून दुप्पट केलं. पेल्या-पेल्यानं थांबत बसण्यापेक्षा सगळं एकदम ओतलं. मार्च महिन्यातली दुपारची वेळ होती. ओतायच्या तोंडावर झाकण लावून स्क्रू घट्ट आवळले आणि बरं वाटून चहा प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा शेडमध्ये कुरकुर आवाज येत होता, नव्या चपलेचा येतो तसा. तो हलमधून येत होता. मी झाकण सोडवायला धावलो, पण स्क्रू फिरेनात, आतून इतका दाब होता. खालून बुडाला हात लावला तर ते गरम होतं आणि बोटभर बाहेर आलं होतं. स्टँड-अपचं बूड सपाट नसलं तर ती वेगात बेडकासारखी उड्या मारते. माझ्या डोळ्यांसमोर रंगात बारीक तडे पडत गेले आणि मी काही करू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का थेट बसस्टँडवरून आली. तिनं बूड पाहिलं. हातमोजे चढवले, हल उलटा केला आणि पट्टी लावून फुगवटा मोजायला लागली. त्याच वेळी केतकी दारात आली. तिला मी बोलावलं नव्हतं, ती तिच्या हौसेनं मशीन बघायला आली होती. तिला बूड दिसलं, तडे दिसले, आणि त्यावर हात ठेवून बसलेली अक्का दिसली. मी स्वतःच तिला कितीदा सांगितलं होतं की आमच्याकडं फोमला फक्त अक्काचा हात लागतो.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "अक्का, तुम्हाला जमत नव्हतं तर हात लावायचा नव्हता. माझी तीन वर्षं आहेत यात."

मी तिथं चार पावलांवर उभा होतो. माझ्या हातात चटईवर रेझिन लावायचा ब्रश होता. एवढंच म्हणायचं होतं की हे मी केलं. अक्कानं एकदा माझ्याकडं पाहिलं, फार वेळ नाही. मी ब्रश पुसू लागलो.

अक्का म्हणाली, "दहा दिवस दे. बूड सरळ होईल." केतकी माझ्याकडं वळली. डोळे भरलेले होते. "काका, प्लीज, आता तुम्ही स्वतः करा. परत त्यांच्याकडे देऊ नका." आणि मी म्हणालो, सरी. ती गेल्यावर अक्कानं विचारलं, किती पेले ओतलेस. मी आकडा सांगितला. अय्यो, म्हणाली, आणि करवत आणायला गेली.

पुढच्या दहा दिवसांत मी जे पाहिलं ते या धंद्यात पुन्हा पाहिलं नाही. तिनं पन्हळ वरून कापून उघडली. माझा फोम आत करपून तपकिरी झाला होता, त्याला जळका वास येत होता. तो तिनं छिन्नीनं खवल्या-खवल्यानं काढला, एकदम ओढला तर बूड फाटेल म्हणून. दाब सुटत गेला तसं बूड आपण होऊन मागं यायला लागलं. मोजायला दर तासाला पट्टी. उरलेला बाक तिनं खालून सागाच्या फळ्या बांधून, आतून गरम हवा देऊन, केसभर केसभर बसवला. तड्यांवर आतल्या बाजूनं चटईचे थर दिले. त्या चटया मी कापल्या, तेवढंच माझं काम. मग पन्हळ भरायला घेतली. जागोजाग लहान भोकं ठेवली, जास्तीच्या फोमला बाहेर यायला वाट असावी म्हणून. नऊ थर दिले. प्रत्येक थर गार होईपर्यंत हलजवळ बसून राहायची. मी जेवायला बोलावलं तर म्हणायची, स्वल्प थांब, हा निवू दे. शेवटी मी पट्टी घेऊन बूड स्वतः तपासलं. पट्टीखाली कुठं कागद शिरेना.

त्या दहा दिवसांत मी तिला तीनदा म्हणालो की केतकीला सांगून टाकतो. पहिल्यांदा ती म्हणाली, आता काम करू दे. पुढच्या दोन वेळी ती पट्टी उचलून बूड मोजायला लागली. मी त्याचा अर्थ मला सोयीचा तो लावला.

केतकी स्पर्धेत चौथी आली. पहिल्याच वर्षी चौथी, आम्ही शेडमध्ये पेढे वाटले. महिन्याभरानं ती एकटीच धरणावर सरावाला गेली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, आणि बुडालेल्या जंगलाचे खुंट पाण्याच्या जेमतेम खाली येतात, वरून दिसत नाहीत. ती पूर्ण वेगात असताना एक खुंट स्कीच्या नाकात घुसला. नाक फाटून उघडलं, इंजिनात पाणी गेलं, केतकी दांड्यावरून पुढं फेकली गेली आणि तिचा घोटा मोडला. काठ दूर, वारा काठाकडून आत. लाइफ जॅकेट होतं अंगात, पण मोडक्या पायानं पोहणं होईना. स्की तिच्याजवळ तरंगत होती. पोटभर पाणी घेऊन, नाक फाटलेलं असून, सरळ तरंगत होती. ती कशीबशी तिच्यावर पालथी पडली आणि दांड्याला मिठी मारून अडीच तास तशीच राहिली. टोपलीसारख्या गोल होडीतून मासे धरणाऱ्या एका माणसाला लांबून लाल रंग दिसला म्हणून तो बघायला आला. पाण्यात नुसतं डोकं असतं तर मला दिसलं नसतं, असं त्यानं तिला सांगितलं.

पायाला प्लास्टर घालून ती शेडमध्ये आली. मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत. फाटलेल्या नाकातला फोमचा एक तुकडा तिनं रुमालात बांधून आणला होता. तो माझ्या हातात ठेवला आणि वाकता येत नसताना वाकून माझ्या पायाला हात लावला. म्हणाली, काका, तुम्ही नसता तर मी नसते. मी तो तुकडा हातात धरून उभा राहिलो. त्या दहा दिवसांत सगळा फोम मीच नव्यानं भरला, अशी तिची समजूत होती, आणि हा तर नाकातला, म्हणजे सुरुवातीपासून अक्काचाच. आतून अक्का आली. केतकी तिच्याशी नीट वागली, कशा आहात विचारलं, आणि अगदी सहज, काही वाईट मनात न ठेवता म्हणाली, "अक्का, बघितलंत ना काकांचं काम?"

अक्कानं माझ्या हातातला तुकडा घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला, परत दिला. "होय की," म्हणाली. "हात चांगला आहे त्याचा."

मी तेव्हाही बोललो नाही. बिघडलेला फोम माझा होता आणि बोलणी तिनं खाल्ली. तारणारा फोम तिचा होता आणि पाया मी पडून घेतलं. याला सहा वर्षं झाली. मधल्या काळात तिचे गुडघे गेले, मी शेड दुसऱ्याला देऊन टाकली, केतकी अजून मारतहळ्ळीतच आहे आणि दर दिवाळीला मला फोन करते. दर दिवाळीला मी ठरवतो की आज सांगायचं, आणि तिच्या आईची तब्येत विचारून फोन ठेवतो.

इथपर्यंत लिहून झालं आणि संपादकबाईंकडं द्यायच्या आधी मी वही घेऊन अक्काच्या घरी गेलो. ती मराठी बोलते, पण वाचते फक्त कन्नड. त्यामुळं वाचून दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. मी वाचत गेलो. बाटल्यांच्या ठिकाणी ती हसली. थर मी सात लिहिले होते, ते तिनं नऊ करायला लावले. ब्रश पुसू लागलो त्या ओळीला मी थांबलो. पुढं वाच, म्हणाली. मी शेवटपर्यंत वाचलं आणि वही मिटली.

तिनं सोललेले दाणे एका बाजूला सारले. "हे त्या पोरीला वाचून दाखवलंस?"

मी म्हटलं, नाही, तुला आधी.

"मला कशाला? मला ठाऊकच आहे की. ठाऊक नाही ते तिला."

अंक निघाला की तिला पाठवतो, ती वाचेल, असं मी म्हणालो. अक्का म्हणाली, छापून सांगू नको, फोन कर. मी उद्या करतो म्हणणार होतो, पण तिनं माझा मोबाइल चटईवरून उचलून माझ्यापुढं धरला.

केतकी ऑफिसात होती. एक मिनिट, म्हणत ती जिन्यात आली असावी, मागचे आवाज थांबले. ज्याला मला इतकी पानं लागली ते मी चार वाक्यांत सांगितलं. पन्हळ मी भरली होती. अक्का त्या दिवशी गावातच नव्हती. बूड तिनं सरळ केलं. नाकातला फोम तिचा. मग केतकी म्हणाली, "अक्का आहेत तिथे? त्यांना द्या."

मी फोन अक्काला दिला. केतकी काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. अक्का भिंतीकडं बघत हं, हं करत होती. मधेच म्हणाली, रडतेस कशाला सुम्ने, उगीच. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ती ताठ बसली आणि पदर सारखा केला, समोर कोणी आल्यासारखा.

"होय गं," ती म्हणाली. "मीच भरला तो."